ओरांडा उलटा तरंगतोय, म्हणून औषध टाकायची घाई नको

तुमचा प्रश्न एकदा माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे काही समजायचं राहिलं असेल तर तुम्हाला लगेच कळेल. चिंचवडच्या फ्लॅटमध्ये चार महिन्यांपूर्वी घेतलेली दोन फुटी टाकी. त्यात लाल टोपीचा ओरांडा, एक र्‍युकिन आणि एक ब्लॅक मूर, तिन्ही गोल्डफिशच्याच जाती. पंधरा दिवसांपूर्वी ओरांडाच्या गालांवर पांढरे ठिपके दिसले. दुकानदाराने निळ्या औषधाची बाटली दिली, ती तुम्ही आठ दिवस टाकली. ठिपके होते तिथेच आहेत. वर ओरांडा आता खाणं झालं की पोट वर करून तरंगतो आणि सकाळपर्यंत सरळ होतो, र्‍युकिनच्या पांढऱ्या शेपटीत लाल रेघा उमटल्यात, आणि मूर कोपऱ्यात पर मिटून बसलाय. दर रविवारी तुम्ही सगळं पाणी बदलता, खडे आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली घासून धुता. आणि शेवटी विचारलंय, "आता कोणतं औषध टाकू?"

कोणतंच नको. निळं औषधही आजपासून बंद.

मी नाशिकला गच्चीवरच्या सिमेंटच्या टाक्यांत १९ वर्षं ओरांडा आणि र्‍युकिन वाढवते, पिल्लं विकते. विकलेल्या माशाच्या मागोमाग त्याच्या तक्रारीही येतातच, त्यामुळे असे फोन मला नवीन नाहीत. तीन मासे, तीन तक्रारी, म्हणून माणूस तीन रोग शोधायला लागतो. तुमच्या वर्णनात मला रोग जवळपास दिसतच नाही. बिघडलेलं पाणी दिसतंय, आणि एका माशाची खाण्याची सवय. अर्थात तुमच्या पाण्याचे आकडे माझ्यासमोर नाहीत आणि फोटोत पाणी कसंही असलं तरी स्वच्छच दिसतं. तेव्हा खाली लिहिते तो अंदाज आहे. तो कुठे चुकू शकतो तेही सांगते.

आधी ठिपक्यांचं, कारण सगळी गडबड तिथून सुरू झाली. तुमच्या फोटोत ठिपके फक्त कल्ल्यांच्या झाकणांवर आहेत, आणि पुढच्या परांच्या पहिल्या जाड काडीवर एका ओळीत. अंगावर किंवा शेपटीवर एकही नाही. म्हणजे तुमचा ओरांडा नर आहे आणि वयात आलाय, एवढंच. थंडी सरून ऊन वाढायला लागलं की विणीच्या हंगामात नरांच्या नेमक्या या दोन जागी खसखशीएवढ्या पुटकुळ्या येतात. ओल्या बोटाने हळूच स्पर्श केला तर खरखरीत लागतात. माझ्याकडे माघ-फाल्गुनात नर-मादी वेगळे काढायची वेळ येते तेव्हा मी याच खुणेने काढते. हंगाम संपला की त्या आपोआप जातात.

खरा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, ज्याला दुकानात 'इच' म्हणतात, तो असा शिस्तीत येत नाही. अंगावर रवा भुरभुरल्यासारखे ठिपके, शेपटीवर, पाठीवर, कुठेही. रोज वाढतात, दोन-चार दिवसांत टाकीतल्या बाकीच्यांवरही दिसतात, आणि मासे खड्यांना, काचेला अंग घासतात. तो एक परजीवी आहे. ठिपक्याच्या आत, कातडीखाली असेपर्यंत त्याला कोणतंच औषध लागू पडत नाही. तो फुटून पिलावळ पाण्यात पोहायला लागली की तेव्हाच मरते. २५ अंशांच्या आसपास हे चक्र आठवड्याभरात पुरं होतं, थंड पाण्यात लांबतं. म्हणून खऱ्या इचवर शेवटचा ठिपका गेल्यानंतरही उपचार काही दिवस चालू ठेवावे लागतात, आणि लोक नेमके तिथेच थांबतात. ते असो, तुमच्याकडे तो नाही.

आता ते निळं औषध. वर्णनावरून मेथिलीन ब्लू दिसतंय. औषध वाईट नाही. अंड्यांवर बुरशी धरू नये म्हणून पिल्लांच्या टबात मी स्वतः वापरते. पण त्या टबात फिल्टर नसतो. मुख्य टाकीत ते ओतलं की फिल्टरमध्ये राहणाऱ्या जिवाणूंचं काम मंदावतं किंवा बंदच पडतं. आणि हे जिवाणू कोण, हे एकदा समजलं की पुढचं सगळं सोपं आहे.

मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडत असतो. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच होतो. स्पंजवर, खड्यांवर बसलेले एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही विषारी, तिसरं बरंच सौम्य, ते पाणी बदललं की निघून जातं. नव्या टाकीत ही वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात. मी गिऱ्हाइकांना सांगते, हे विरजण आहे. तुम्ही दर रविवारी विरजणाचं भांडं नळाखाली घासून, क्लोरीनच्या पाण्याने धुऊन ठेवता आणि सोमवारी दही लागायची वाट बघता. चार महिन्यांत तुमच्या टाकीत ते कधी धड लागलंच नसणार. जे काही थोडं लागलं असेल ते निळ्या औषधाने गेलं.

मग चार महिने मासे जगले कसे? सगळं पाणी बदलत होतात म्हणून. दर रविवारी विष शून्यावर यायचं आणि शनिवारपर्यंत चढायचं. मासे लहान होते तोवर निभावलं. आता ते मोठे झालेत, खाणं वाढलंय, आणि टाकी तेवढीच आहे. हिशेब करून बघा: दोन फूट गुणिले एक गुणिले एक म्हणजे दोन घनफूट, साधारण ५६ लिटर. खडे आणि वरची मोकळी जागा वजा केली की ४५ लिटर पाणी. फॅन्सी, म्हणजे तुमच्यासारखा गोल अंगाचा, गोल्डफिश नीट वाढला तर १५ ते २० सेंटिमीटरचा होतो आणि १० वर्षं सहज जगतो. मी पहिल्या माशाला ७५ लिटर आणि पुढच्या प्रत्येकाला ४० लिटर धरते. तुमच्या तिघांना झाले १५५, म्हणजे तीन फूट लांब, दीड रुंद आणि दीड उंच टाकी. लगेच घ्या असं म्हणत नाही, पण आहे त्याच टाकीत ठेवायचे असतील तर पाणी बदलायचं काम दुपटीने करावं लागेल.

सगळं पाणी बदलणं मुळातच चूक आहे का? तसंही नाही. जपानमध्ये रांचू ही गोल्डफिशची जात पाळणारे जाणकार टबातलं जवळपास सगळं पाणी काढून नवं भरतात, थोडं जुनं हिरवं पाणी तेवढं त्यात मिसळतात. पण त्यांचं नवं पाणी आधी साठवून, तापमान जुळवून ठेवलेलं असतं. आपल्याकडे नळाखालची बादली थेट टाकीत जाते. घात तिथे होतो.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, मार खाऊन सांगते. २००९ च्या मे महिन्यात एका दुपारी घाईत मी पाइप लावून १४ ओरांडांच्या टाकीत थेट पाणी सोडलं आणि खाली फोनवर बोलायला गेले. आमच्या बिल्डिंगची वरची टाकी आदल्या दिवशी ब्लीचिंग पावडर टाकून धुतली होती. जिन्यात सूचना लावलेली होती, मी ती वाचली नव्हती. तासाभराने वर आले तर मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होते, कल्ले फाकलेले, अंगावर दुधाळ पडदा. संध्याकाळपर्यंत तीन उरले. तेव्हापासून पाणी टाकीत जाण्याआधी मी बादलीचा वास घेते. आमचा वॉचमन अजून हसतो. पावसाळ्यात तर हे करायचंच, तेव्हा नळाच्या पाण्याला तो वास कधी कधी नाकात जातो.

तर आज संध्याकाळी काय करायचं ते. दोन बादल्या पाणी भरून त्यात अँटी-क्लोरीनचे खडे टाका. १० लिटरला मुगाएवढे दोन खडे पुरतात, पाकिटावर मात्रा दिली असेल तर ती पाळा. हात घालून बघा, टाकीचं आणि बादलीचं पाणी हाताला सारखं लागलं पाहिजे. मग टाकीतलं निम्मं पाणी काढून हे हळूहळू ओता. स्पंजला हात लावू नका. फारच चोंदला असेल तर टाकीतून काढलेल्या पाण्यात दोनदा पिळा, बस्स. उद्या पुन्हा एक-तृतीयांश बदला, परवा पुन्हा. ओळखीच्या कुणाकडे जुनी, निरोगी टाकी असेल तर त्यांच्या फिल्टरमधला वापरलेला स्पंजचा तुकडा मागून आणा आणि ओलाच ठेवून तुमच्या फिल्टरमध्ये घाला. हेच ते विरजण. सहा आठवड्यांचं काम त्याने पुष्कळ लवकर होतं.

आणि अमोनिया, नायट्राइट मोजायचा थेंबांचा किट घ्या. औषधांच्या तीन बाटल्यांच्या पैशांत येतो. कागदाच्या पट्ट्या नकोत, बऱ्याच पट्ट्यांत अमोनियाची खूणच नसते. दोन्ही आकडे शून्य यायला हवेत. इथे एक गोष्ट तुमच्या पाण्यावर अवलंबून आहे. अमोनियाचा विषारी भाग पाण्याच्या सामूप्रमाणे (pH) बदलतो. २५ अंशांना सामू ७ असेल तर एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, सामू ८ असेल तर पाच टक्क्यांच्या वर. म्हणजे किटवर रंग तोच, पण त्रास दहापट. तुमच्या सोसायटीत बोअरचं पाणी मिसळत असेल तर सामू बहुधा वरच्या बाजूलाच असणार. एरवी बोअरच्या जड पाण्यात गोल्डफिश मजेत राहतो, ते गोड करायच्या भानगडीत पडू नका. फक्त रात्रभर बादलीत एअर पंपाचा बुडबुडे सोडणारा दगड घालून ठेवा, जमिनीतून आलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी असतो.

नायट्राइट निघालं तर एक लिटरला एक ग्रॅम खडे मीठ, तुमच्या टाकीला ४५ ग्रॅम, वेगळ्या भांड्यात विरघळवून दोन-तीन वेळांत घाला. यामागचं कारण असं की नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात शिरतं आणि रक्त तपकिरी पडून ऑक्सिजन वाहून नेईनासं होतं. मिठातला क्लोराइड त्याच वाटेने आत जातो, त्यामुळे नायट्राइटला शिरायला जागा कमी उरते. मीठ वाफ होऊन उडत नाही हे लक्षात ठेवा. उडालेल्या पाण्याची भर घालताना पुन्हा मीठ घालायचं नाही, बदललेल्या पाण्यापुरतंच घालायचं.

आता उलटं तरंगणं. ओरांडा, र्‍युकिन या जाती माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवडून गोलमटोल केल्या. पाठीचा कणा आखूड झाला, पण आतडी, यकृत, अंडाशय सगळं त्याच लाडवाएवढ्या पोटात कोंबलेलं. माशाचा तोल ज्याच्यावर, तो वाताशय, म्हणजे पोटातली हवेची पिशवी, दोन कप्प्यांचा असतो. या जातींत मागचा कप्पा पुष्कळदा लहान आणि वेडावाकडा असतो. त्यात गोल्डफिशला जठरच नाही, घास थेट आतड्यात जातो. आतडं जरा फुगलं की वाताशय दाबला जातो आणि तोल गेलाच.

तुमच्या वर्णनातली सगळ्यात दिलासा देणारी गोष्ट म्हणजे 'सकाळपर्यंत सरळ होतो'. कायमचा बिघाड असता तर तो उपाशीपोटीही उलटाच राहिला असता. खाल्ल्यावर उलटा होतोय म्हणजे एकतर हवा गिळतोय, नाहीतर कोरडे दाणे पोटात जाऊन फुगतायत. बहुधा दोन्ही. तुम्ही तरंगणारे दाणे देता. एकदा जवळ कान नेऊन ऐका, वरचे दाणे पटकावताना चपाक चपाक आवाज येतो. प्रत्येक चपाकबरोबर थोडी हवा आत.

दोन दिवस तिघांनाही काही खायला घालू नका. घरातल्या मुलांना हे फार जड जातं, पण गोल्डफिशला दोन दिवसांच्या उपासाने काही होत नाही. तिसऱ्या दिवसापासून बुडणारे बारीक दाणे आणा, टाकीच्याच पाण्यात दहा मिनिटं भिजवा, मऊ झाले की चिमटीत धरून पाण्याखाली सोडा. दिवसातून दोन-तीनदा, मिनिटभरात संपेल एवढंच. मटाराचं तुम्ही कुठे तरी वाचलंच असेल. उकडून, साल काढून, कुस्करून आठवड्यातून एकदा द्या, पोट साफ व्हायला बरं. पण तरंगणं मटारानेच थांबतं, हे मला पटत नाही. लोक आधी दोन दिवस उपास घडवतात, मग मटार देतात आणि श्रेय मटाराला जातं.

एवढं करून आठ-दहा दिवसांत फरक नाही पडला तर तो त्याच्या घडणीचा दोष समजा. माझ्याकडे एक र्‍युकिन वर्षभर तिरकाच पोहतोय. खातो, भांडतो, विणीत भागही घेतो. त्याच्यासाठी पाणी उथळ ठेवलंय, एवढंच. फक्त पोटाचा भाग पाण्याबाहेर राहून सुकत असेल तर तिथे कातडी लाल होते. तसं दिसलं तर मला लगेच कळवा.

र्‍युकिनच्या शेपटीतल्या रेघा म्हणजे तट्ट भरलेल्या रक्तवाहिन्या. पांढऱ्या शेपटीत त्या लगेच दिसतात, मूरच्या काळ्या शेपटीत असल्या तरी कळणार नाहीत. पाणी सुधारलं की आठवड्याभरात फिकट होतात. पुढे एखाद्या माशाच्या परांच्या कडा किंवा अंगावरचे डाग काळे पडले तर घाबरू नका, अमोनियाने भाजलेली जागा भरून येताना बरेचदा काळी पडते. मूर मिटून बसलाय तेही त्याच पाण्यामुळे. शिवाय मूरला बाहेर आलेल्या डोळ्यांनी नीट दिसत नाही, बाकीचे दोघं खाणं फस्त करतात आणि हा हुंगत राहतो. त्याचे दाणे त्याच्या तोंडासमोर सोडा. उन्हाळ्यात त्याचा काळा रंग पोटाकडून तांबूस व्हायला लागला तर त्यावरही औषध विचारू नका, बरेच मूर तसे होतातच.

म्हणजे एकूण असं: ठिपके वयात आल्याचे, रेघा आणि मरगळ पाण्याची, तरंगणं खाण्याचं. पण माझा अंदाज कधी बदलेल तेही सांगते. वरून बघितल्यावर खवले उभे राहून मासा सुरूच्या फळासारखा दिसायला लागला तर आतमध्ये पाणी भरतंय, मूत्रपिंडं थकलीत. तेव्हा वेगळ्या टबात २० लिटरला एक चहाचा चमचा एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) आणि रोज ताजं पाणी, याने कधी कधी सावरतो. बहुतेक वेळा सावरत नाही, खोटी आशा दाखवत नाही. अंगातून दोऱ्यासारखं काही लोंबताना दिसलं तर तो अँकर वर्म नावाचा परजीवी. नव्या माशाबरोबर येतो, चिमट्याने मुळापासून ओढून काढावा लागतो. म्हणून पुढचा मासा आणाल तो तीन-चार आठवडे वेगळ्या टबात ठेवूनच आत सोडा. आणि मेडिकलमधून टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल आणून टाकीत फोडू नका. हा सल्ला तुम्हाला कुणी तरी देणारच आहे. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ते औषध बांधून ठेवतं, माशापर्यंत फारसं पोचतच नाही. फिल्टरला धोका आहेच.

ते निळे-गुलाबी खडेही काढून टाका. गोल्डफिश दिवसभर तळ उकरून तोंडात घेतो आणि थुंकतो. गेल्या दिवाळीत एक गृहस्थ डबा घेऊन आले, मासा चार दिवस तोंड उघडं ठेवून उपाशी. टॉर्च मारला तर घशात निळं काही तरी चमकलं. ओल्या तळहातावर आडवा घेतला, डोकं खाली केलं, हनुवटीखाली अंगठ्याने अगदी हलकं दाबलं. मटाराएवढा खडा टप्पकन बादलीत पडला. मासा परत डब्यात सोडला तर पहिलं काम काय केलं असेल? तळ उकरायला लागला. तुमची टाकी काही महिने उघड्या काचेची राहू द्या, नाहीतर घशात अडकणार नाही अशी बारीक वाळू एक बोटभर घाला. काढतानाही सगळे खडे एका दिवसात काढू नका, त्यांच्यावरही थोडे जिवाणू असतीलच. दर दोन-तीन दिवसांनी मूठ-दोन मुठी काढत जा.

शेवटचं, मार्च लागतोय म्हणून. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो. २० अंशांना लिटरला ९ मिलिग्रॅमच्या आसपास असतो, ३० अंशांना साडेसात. ४५ लिटरमध्ये तीन मासे आणि दुपारी दोन तास लाइट गेली की काय होईल ते तुम्हीच बघा. टाकी पश्चिमेच्या खिडकीत असेल तर आत्ताच हलवा. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप आणून ठेवा. दुकानदार हीटर गळ्यात मारत असेल तर ते पैसे पंपाला वापरा.

आज पाणी बदलल्यावर आणि परवा सकाळी, असे दोन वेळचे अमोनिया आणि नायट्राइटचे आकडे मला पाठवा. सोबत ओरांडाचा वरून काढलेला एक फोटो, फ्लॅश बंद करून. खवले बसलेले आहेत की नाहीत ते मला त्यात बघायचंय.